ऑफिसची घडी बदलली की भेदभाव कसा कमी होतो

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत काही वर्षांपूर्वी मी मुलाखतीच्या पॅनलवर बसले होते. जागा होती स्टोअर्सच्या प्रमुखाची. शेवटी दोन नावं उरली. एका गृहस्थांकडे बारा वर्षांचा अनुभव होता, पदवी नव्हती. दुसऱ्या बाईंकडे मटेरियल मॅनेजमेंटचा डिप्लोमा होता, अनुभव सहा वर्षांचा. चर्चा पाच मिनिटांत संपली. "स्टोअर्समध्ये शेवटी अनुभवच कामाला येतो, डिप्लोमा काय चाटायचाय?" असं एकजण म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तीन महिन्यांनी त्याच खोलीत, जवळपास त्याच माणसांसमोर, खरेदी विभागातली एक जागा आली. या वेळी चौदा वर्षांचा अनुभव बाईंकडे होता आणि पदवी तिशीतल्या एका मुलाकडे. "आता जीएसटी आहे, सगळा माल संगणकावर चढवायचा असतो. पाया पक्का पाहिजे, शिकलेला माणूस घ्या." पुन्हा माना डोलल्या. त्या संध्याकाळी मरोळ नाक्याहून घाटकोपरच्या मेट्रोत बसले, तेव्हा दोन्ही मुलाखती शेजारी शेजारी आठवल्या आणि पोटात खड्डा पडला. पहिल्यांदा अनुभव जिंकला, दुसऱ्यांदा शिक्षण. दोन्ही वेळा निवड पुरुषाची झाली. आणि त्या खोलीत कोणीही खोटं बोलत नव्हतं. "बाई नको" असा विचार कोणाच्या मनात उघडपणे आला असेल असं मला आजही वाटत नाही.

पुढे वाचताना कळलं की हा प्रकार प्रयोगात पकडला गेलेला आहे. २००५ साली एरिक उल्मन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पोलीसप्रमुख निवडायला सांगितलं. उमेदवारांत पुरुषही होते आणि बायकाही, आणि त्यांचे दोन प्रकार होते: एक शिकलेला, प्रशासन जाणणारा, दुसरा रस्त्यावर मुरलेला. लोकांनी बाईच्या गुणांना कमी लेखलं नाही. त्यांनी वेगळंच केलं. पुरुषाकडे जे होतं, तेच या पदासाठी खरं महत्त्वाचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. माप आधी आणि माणूस नंतर, हा क्रम उलटा झाला. मग संशोधकांनी एक छोटा बदल केला. उमेदवार कोण आहे हे कळायच्या आधीच कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते ठरवून घेतलं. भेदभाव नाहीसा झाला. माणसं तीच, त्यांची मनं तीच, फक्त एक पायरी आधी आली.

हा लेख त्या पायरीबद्दल आहे. ऑफिसातला स्त्री-पुरुष भेदभाव म्हटलं की आपण लगेच मानसिकतेवर येतो. मानसिकता बदलायलाच हवी, पण ती बदलेपर्यंत एका बाईची अख्खी नोकरी संपते. ऑफिसातले फॉर्म, प्रश्नांचा क्रम, मीटिंगची वेळ, पगार ठरवायची पद्धत, कामं वाटायची रीत या गोष्टी मात्र पुढच्या सोमवारी बदलता येतात. यालाच ऑफिसची रचना म्हणायचं. मी घडी म्हणते, कारण आपल्याकडे घर काय, संसार काय, घडी बसली की माणसं आपोआप त्याप्रमाणे वागायला लागतात.

मुंबईकर बायकांना हे वेगळं समजवायला नको. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली. गर्दीतल्या पुरुषांचं प्रबोधन पूर्ण होईपर्यंत बायकांनी फलाटावर थांबावं, असं कोणी म्हटलं नाही. गाडीची मांडणी बदलली आणि त्याच दिवशी प्रवास बदलला. ऑफिसात अर्थात आम्हाला वेगळा डबा नको आहे. एकाच डब्यात सारखी जागा हवी आहे, म्हणून मांडणी जास्त विचार करून करावी लागते.

भाषण देऊन का भागत नाही?

आठ मार्चला बहुतेक ऑफिसांत एक गुलाबाचं फूल, एक चॉकलेट आणि दीड तासाचं व्याख्यान असतं. व्याख्यान ऐकणारे बहुतेक जण मनापासून ऐकतात. अडचण अशी आहे की पूर्वग्रह आपल्याला आतून दिसत नाही, तो निर्णयाच्या क्षणी गुपचूप काम करतो. २०१२ साली अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांमधल्या १२७ विज्ञानाच्या प्राध्यापकांना प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकपदासाठी एक अर्ज पाठवला गेला. अर्ज शब्दशः एकच होता. निम्म्यांच्या अर्जावर जॉन हे नाव होतं, निम्म्यांच्या अर्जावर जेनिफर. जॉन अधिक लायक ठरला. त्याला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर होता, जेनिफरला २६,५०८. आणि मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही की बाई प्राध्यापकांनीही अगदी पुरुषांसारखंच केलं. पुराव्यावर जगणारी, शिकलेली माणसं होती ही. तेव्हा "आमच्या पॅनलवर एक मॅडम असतात" हे उत्तर पुरेसं नाही. मी स्वतः त्या पॅनलवरची मॅडम होते.

मुलाखत

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडच्या मुलाखती बहुधा गप्पांसारख्या चालतात. "स्वतःबद्दल सांगा" पासून सुरुवात, मग गाव कुठलं, कुठल्या कॉलेजात होता, अरे तिथे तर माझा मेहुणा होता, आणि बघता बघता वीस मिनिटं संपतात. उमेदवार बाहेर गेला की "माणूस चांगला वाटला." हा 'वाटला' शब्दच घात करतो. आपल्याला आपल्यासारखी माणसं चांगली वाटतात. पुरुषांनी भरलेल्या विभागात पुरुषच चांगला वाटणार. बाईला मात्र त्याच गप्पांच्या ओघात वेगळे प्रश्न येतात: लग्न झालंय का, मिस्टर काय करतात, मुलं केवढी, विरारहून रोज येणं जमेल का. विरारहून येणाऱ्या पुरुषाला हा प्रश्न मी आजवर विचारलेला ऐकला नाही.

यावर उपाय आहे बांधलेली मुलाखत. जाहिरात द्यायच्या आधी एका कागदावर कामाला लागणारे पाच-सहा गुण लिहायचे आणि प्रत्येकाला वजन द्यायचं. स्टोअर्सप्रमुख असेल तर साठ्याचा हिशेब जुळवणं, पुरवठादाराशी बोलणं, हाताखालच्या माणसांकडून काम करून घेणं वगैरे. प्रत्येक गुणासाठी एक प्रश्न, आणि तो कामातलाच: "वर्षअखेरीला साठा मोजला आणि पुस्तकातल्या आकड्यापेक्षा चाळीस बॉक्स कमी निघाले, तर पहिल्या दिवशी काय कराल?" सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्यायचे. पॅनलवरच्या प्रत्येकाने आपापल्या कागदावर, शेजाऱ्याशी न बोलता, आणि सर्वांत वरिष्ठ साहेबांनी आपलं मत शेवटी सांगायचं. साहेब आधी बोलले की बाकीचे कागद आपोआप त्यांच्यासारखे होतात, हे नोकरी केलेल्या कोणालाही माहीत आहे.

लग्नाचा प्रश्न या कागदावर नसतोच, त्यामुळे तो विचारू नका असं कोणाला बजावावं लागत नाही. कागदाबाहेर जायला माणूस आपणहूनच कचरतो.

मग गुण मोजायचे कसे? हार्वर्डमधल्या अर्थशास्त्रज्ञ आयरिस बोनेट यांचं आयुष्य याच अभ्यासात गेलं आहे. त्यांचा एक सल्ला फार उपयोगी आहे: एकेका उमेदवाराचा कागद वरपासून खालपर्यंत वाचू नका, आडवे वाचा. पहिल्या प्रश्नाची सगळ्यांची उत्तरं शेजारी ठेवा, मग दुसऱ्याची. पेपर तपासणारे काही शिक्षक हे करतात. आधी सगळ्या वह्यांमधला पहिला प्रश्न तपासतात, म्हणजे एका मुलाच्या सुंदर अक्षराचा प्रभाव त्याच्या पुढच्या उत्तरांवर पडत नाही. बोनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगात आणखी एक गोष्ट दाखवली. उमेदवाराला एकट्याने तपासलं तर परीक्षक स्त्री-पुरुषांच्या ठरीव साच्यावर जातात, आणि दोघांना शेजारी ठेवून तपासलं तर कामगिरीकडे बघतात. कारण सरळ आहे. तुलनेला समोर दुसरा माणूस नसला की आपण मनातल्या साच्याशी तुलना करतो, आणि स्टोअर्सप्रमुखाचा मनातला साचा मिशीवाला असतो.

या विषयावर बोलताना वाद्यवृंदांच्या पडद्याचं उदाहरण हटकून दिलं जातं. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी वादक निवडताना मध्ये पडदा लावायला सुरुवात केली. बुटांच्या टाचांचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून जमिनीवर गालिचाही घातला. त्यानंतरच्या काळात तिथे बायकांची संख्या वाढली. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउझ या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली त्याचा हिशेब मांडला. उदाहरण सुंदर आहे, पण त्यातली आकडेवारी थोडक्या माणसांवरची आहे आणि त्यावर नंतर आक्षेप घेतले गेले, म्हणून मी सगळा भार त्यावर टाकत नाही. पहिल्या चाळणीत अर्जावरचं नाव, फोटो, वय आणि वैवाहिक स्थिती झाकायला मात्र काहीच खर्च येत नाही. वैवाहिक स्थितीचा रकाना आपल्या अर्जांवर अजून का असतो, हे मला खरंच समजत नाही.

पगार

मुंबईतल्या एका जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. तिथे बाई स्टेनोग्राफरांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचं म्हणणं असं की या मोठ्या साहेबांना जोडलेल्या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर', त्यांचा वर्गच वेगळा, आणि वेतनश्रेणी युनियनशी करार करून ठरलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ साली न्यायालयाने सांगितलं की काम एकच आहे, पदाचं नाव वेगळं ठेवल्याने ते वेगळं होत नाही. युनियनचा करारही समान वेतनाच्या कायद्याच्या वर नाही आणि कंपनीला परवडत नाही हीसुद्धा सबब नाही.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात भेदभाव कुठे राहत होता ते स्पष्ट दिसतं: पदाच्या नावात. आजही तसंच आहे. एकच काम करणारा पुरुष 'ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' असतो आणि बाई 'ऑफिस असिस्टंट'. श्रेणी नावावर ठरते, पगार श्रेणीवर. म्हणून पहिलं काम म्हणजे पदांची नावं बाजूला ठेवून प्रत्यक्ष कोण काय करतं याची यादी करणं.

दुसरी गोम आहे घासाघीस. "बाया मागत नाहीत, म्हणून त्यांना मिळत नाही" असं सर्रास म्हटलं जातं. आंद्रेआस लाइबब्रांट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी हे खऱ्या नोकरीच्या जाहिरातींवर तपासलं. पगार बोलून ठरवता येईल असं जाहिरातीत लिहिलं नव्हतं, तेव्हा पुरुष जास्त प्रमाणात वाढवून मागत होते. "पगार चर्चेने ठरेल" एवढं लिहिलं की हा फरक गेला. म्हणजे मागण्याची परवानगी आहे की नाही हे धूसर असलं की नुकसान बाईचं होतं. तिला हेही माहीत असतं की मागितलं तर "फार हुशार समजते स्वतःला" असं म्हटलं जाणार. ही भीती तिच्या डोक्यातली नाही, अनुभवातली आहे. तेव्हा जाहिरातीत पगाराची किमान आणि कमाल मर्यादा लिहा, त्यात घासाघीस चालते की नाही तेही लिहा. आणि "आधीच्या ठिकाणी किती मिळत होतं?" हा प्रश्न काढून टाका. मागच्या ऑफिसने कमी दिलं असेल, तर तो अन्याय तुमच्या पगारपत्रकात उचलून आणायची काय गरज?

खंडेनवमीची रांगोळी

आता जे सांगते ते कुठल्याही अहवालात सापडत नाही, पण प्रत्येक ऑफिसात असतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची, संगणकांची पूजा असते. दाराला झेंडूचं तोरण, समोर रांगोळी, पेढ्यांचा बॉक्स. मी ज्या एका ऑफिसात होते, तिथे त्या दिवशी हिशेब विभागातल्या एका मुलीला सकाळी साडेआठला बोलावलं जायचं, कारण तिची रांगोळी सुरेख. ती डोंबिवलीहून यायची, म्हणजे घरातून सव्वासहाला निघायची. तीच वाढदिवसांची वर्गणी गोळा करायची, केक आणायची, नव्या माणसाला कॅन्टीन दाखवायची, आणि प्रत्येक मीटिंगचे मिनिट्स लिहायची, कारण "तुझं अक्षर छान आहे." तिने कधी नाही म्हटलं नाही. वर्षअखेरीला तिच्या अप्रेझलमध्ये लिहून आलं: 'सहकार्याची वृत्ती. मोठी जबाबदारी घेण्याची तयारी कमी दिसते.' तो कागद तिने मला दाखवला तेव्हा तिचा अंगठा 'तयारी' या शब्दावर होता. अख्ख्या मीटिंगभर जी लिहीत असते तिने बोलायचं कधी?

अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली या कामांवर अभ्यास प्रसिद्ध केला. कोणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याला बढतीत काही मिळत नाही, अशी ही कामं. प्रयोग असा होता: तिघांच्या गटात दोन मिनिटांच्या आत कोणीतरी एकाने पुढे यायचं. पुढे येणाऱ्याला थोडं कमी मिळतं, बाकीच्या दोघांना जास्त, आणि कोणीच आलं नाही तर सगळ्यांचं नुकसान. स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटांत बायका ४८ टक्के अधिक वेळा पुढे आल्या. आणि इथेच ग्यानबाची मेख आहे. सगळे पुरुष असलेल्या गटांत पुरुष अगदी व्यवस्थित पुढे येत होते, बायकांच्या गटातल्या बायकांइतकेच. म्हणजे सेवाभाव ही बाईची उपजत वृत्ती वगैरे काही नाही. खोलीत बाई आहे म्हटल्यावर पुरुष थांबतो, ती उठेल याची त्याला खात्री असते, आणि तिलाही. पुढच्या प्रयोगात कोणाला तरी हे काम सांगण्यासाठी एक प्रमुख नेमला, तर बायकांना ४४ टक्के जास्त वेळा सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांमध्ये बायकाही होत्या.

"बायांनी नाही म्हणायला शिकावं" हा सल्ला मला यामुळेच पटत नाही. नाही म्हटलं तर ती उद्धट, हो म्हटलं तर तिचा वेळ गेला. पाळी लावा. भिंतीवर यादी लावून आडनावाच्या क्रमाने मिनिट्स कोण लिहिणार, वर्गणी कोण गोळा करणार, पूजेची तयारी कोण करणार हे ठरवून टाका. चाळीत पाण्याची आणि जिना धुण्याची पाळी असायची, त्यावरून भांडण होत नसे, कारण कोणी कोणाला सांगत नव्हतं, पाळी सांगायची. आणि कोणतं काम कोणी किती वेळा केलं याची वही ठेवा. अप्रेझलच्या दिवशी ती वही टेबलावर असू द्या.

अप्रेझल म्हटलं की आणखी दोन गोष्टी. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा दिसलं की बायकांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा जास्त होते, पण 'पुढे जाण्याची क्षमता' या रकान्यात कमी. बढती ठरताना त्या रकान्याला मोठं वजन होतं. जे झालं ते मोजता येतं. जे होऊ शकेल, ते बघणाऱ्याच्या कल्पनेवर असतं. हा रकाना ठेवायचाच असेल, तर प्रत्येक गुणापुढे घडलेला एक प्रसंग लिहिणं सक्तीचं करा. दुसरी गोष्ट ऐकून विश्वास बसत नाही, पण खरी आहे. एका विद्यापीठात विद्यार्थी शिक्षकांना १० पैकी गुण देत. पुरुषांचा भरणा असलेल्या विषयांत शिक्षिकांना कमी गुण मिळायचे. विद्यापीठाने मोजपट्टी १० ऐवजी ६ ची केली, आणि तिथला फरक मिटला. लॉरेन रिवेरा आणि अँड्रास टिल्चिक या संशोधकांनी २०१९ साली हे मांडलं. दहापैकी दहा म्हटलं की डोळ्यांसमोर अलौकिक बुद्धीचा माणूस येतो, आणि तो बहुधा पुरुष असतो. सहापैकी सहा म्हटलं की तसं कोणी येत नाही.

साडेसहाची मीटिंग

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यांनी खणून काढला. त्यांच्या कामातला मला सर्वांत आशेचा वाटणारा भाग अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांबद्दलचा आहे. पूर्वी तिथे फार्मसी म्हणजे मालकाचं स्वतःचं दुकान, दिवसरात्र तोच जबाबदार. मग मोठ्या साखळ्या आणि रुग्णालयं आली, औषधं तयार पाकिटांत यायला लागली, ग्राहकाची नोंद संगणकावर गेली. एका फार्मासिस्टने सोडलेलं काम दुसऱ्याला जसंच्या तसं पुढे नेता यायला लागलं. त्यामुळे कमी तास काम करणाऱ्याला तासाचा दर कमी मिळणं थांबलं, आणि या व्यवसायात स्त्री-पुरुषांच्या कमाईतलं अंतर पुष्कळ आटलं. बायकांसाठी कोणी काही मुद्दाम केलं नव्हतं, कामाची मांडणी बदलली होती.

आपल्याकडे उलटं आहे. "ते क्लायंट फक्त माझ्याशीच बोलतात" याचा अभिमान असतो. सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात आणि त्याच्या व्हॉट्सअॅपवर. असा माणूस रात्री नऊलाही हजर लागतो, आणि मुंबईत ज्याला रात्री नऊला हजर राहता येतं त्याच्या घरी कुकर दुसऱ्या कोणीतरी लावलेला असतो. साडेसहाला ठेवलेली मीटिंग मनाने कितीही निष्पक्ष असली तरी कर्जतच्या बाईला बाहेर ठेवते. ती सहा वीसची गाडी चुकवली की पाळणाघरातून मूल घ्यायला उशीर. म्हणून महत्त्वाच्या बैठका अकरा ते चारच्या आत, प्रत्येक कामाची फाइल दोघांना ठाऊक, आणि हजेरीऐवजी कामाचा हिशेब. हे पुरुषांनाही हवंच आहे, विचारून बघा.

मातृत्वाच्या रजेबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चांगलंच झालं. पण ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, बाहेरच्या नोकरीत या रजेचा सगळा खर्च एकट्या मालकाच्या अंगावर येतो, आणि खासगी क्षेत्रातल्या बापाला कायद्याने एकही दिवस मिळत नाही. केंद्र सरकारी नोकरीत निदान १५ दिवस आहेत. परिणाम असा की लहान मालकाच्या मनात बाई म्हणजे खर्च आणि पुरुष म्हणजे बिनखर्ची, असा हिशेब तयार होतो. हेतू उत्तम असलेला नियमही मांडणीत कच्चा राहिला तर बाईच्याच वाटेत येतो. कायदा बदलेपर्यंत कंपनीला बापालाही रजा देता येते, आणि ती त्याने घेतलीच पाहिजे असं ठरवता येतं.

नियम कसा पक्का करायचा, याचा धडा आपल्या बीकेसीतच, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक बाई घेणं भाग पाडलं. सेबीने १ एप्रिल २०१५ ही मुदत दिली. अनेक घराण्यांनी पत्नीला, मुलीला, वहिनीला खुर्चीवर बसवलं आणि सही करून टाकली. मग सेबीने पळवाट बुजवली: बाई स्वतंत्र संचालक असली पाहिजे, म्हणजे प्रवर्तकांच्या नात्यागोत्यातली नको. पहिल्या ५०० कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून, पहिल्या १००० ना एप्रिल २०२० पासून. 'स्वतंत्र' या एका शब्दाने नियमाला दात आले.

खुर्चीवर बाई दिसल्याने बघणाऱ्यांच्या मनात काही हलतं का? हलतं, आणि याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९९३ पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या. पश्चिम बंगालमध्ये कोणत्या गावात बाई प्रधान होणार हे आळीपाळीने ठरत होतं, त्यामुळे संशोधकांना गावांची नीट तुलना करता आली. बाई प्रधान पाहिलेल्या गावांतल्या पुरुषांची आवड बदलली नाही, त्यांना पुरुषच नेता हवा होता. पण "बाईला कारभार जमत नाही" हा समज मात्र गळून पडला, आणि दोन वेळा आरक्षण झालेल्या गावांत नंतर खुल्या जागांवरही बायका जास्त निवडून आल्या. व्यवस्था आधी बदलली, मन तिच्या मागून हळूहळू आलं. महाराष्ट्राने तर २०११ मध्ये स्थानिक संस्थांमधलं हे आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं.

आता शेवटचं, करायला सोपं आणि टाळलं जाणारं काम: मोजणं. त्यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलचं एक पान पुरतं. अर्ज किती बायकांचे आले, मुलाखतीला किती आल्या, किती घेतल्या. एका श्रेणीत एकच काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांचे पगार शेजारी शेजारी. किती वर्षांनी कोणाला बढती मिळाली. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांपैकी दोन वर्षांनी किती जणी अजून नोकरीत आहेत. सरासरी काढून झाकू नका, विभागवार लिहा, म्हणजे गळती कोणत्या पायरीवर आहे ते दिसेल. अर्ज येतातच कमी, की अर्ज येतात पण निवड होत नाही, की निवड होते पण तिसऱ्या वर्षी बाई सोडून जाते. तिन्हीची औषधं वेगळी आहेत. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात एखाद-दुसऱ्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, तीन वर्षांचे आकडे एकत्र बघा.

हे पान मार्चच्या पहिल्या आठवड्यात काढा. आठ मार्चच्या कार्यक्रमात फुलांच्या शेजारी ते ठेवता येईल, आणि इन्क्रिमेंटची पत्रं निघायला तेव्हा अजून तीन आठवडे असतील. पत्रांवर सह्या झाल्या की पुढच्या एप्रिलपर्यंत कोणाला काही दुरुस्त करता येत नाही.